उजवा हात पाठीमागं

देवराव मोजणीदारांच्या ओसरीवर पाऊल ठेवलं की पाण्याच्या तांब्याआधी हुकूम यायचा, "उजवा हात पाठीमागं घ्या."

मग तुम्ही कोणीही असा. तलाठी असा, लग्नपत्रिका घेऊन आलेले सोयरे असा, नाहीतर घर चुकून आत शिरलेले असा. उजवा हात पाठीमागं न्यायचा, ओसरीभर पसरलेल्या फळीपुढं मांडी घालायची आणि डाव्या हातानं लाकडाचा एक तुकडा उचलून त्याच्या जागी बसवायचा. तुकडा बसला की चहा. नाही बसला तर चहा चुलीवर आणि तुम्ही फळीपुढं. कळंबात असे कित्येक चहा आटून काढा झाले.

साहेबलोक ह्या खेळाला जिगसॉ म्हणतात. लाकडावर चित्र चिकटवायचं, त्याचे वेडेवाकडे तुकडे कापायचे, ते मिसळायचे आणि मग डोकं धरून पुन्हा जुळवत बसायचं. देवरावजी त्याला 'जोडणी' म्हणत. आमची गल्ली 'तुकडे' म्हणे. घरी उशिरा आलेल्या नवऱ्यानं "तुकड्यात सापडलो होतो" एवढं सांगितलं की बायको पुढं काही विचारत नसे, मुकाट्यानं ताट वाढायला घेई.

देवळातले एक गुरुजी एकदा सत्यनारायणाचं आमंत्रण द्यायला आले होते. डावा हात चालणार नाही, असं त्यांनी बजावलं. देवरावजींनी शांतपणे सांगितलं की ही पूजा नव्हे, जोडणी आहे, आणि जोडणीत उजवा चालत नाही. तासभर दोघंही हटले नाहीत. शेवटी गुरुजींनी इकडं तिकडं पाहिलं, कोणी बघत नाही अशी खात्री करून घेतली आणि डाव्या हातानं एका आगबोटीचं धुराडं बसवलं. मी दाराआडून बघत होतो, हे त्यांना आजही माहीत नाही.

बाकीचे लोक निदान उठून आपापल्या घरी जाऊ शकत होते. माझं घरच फळीच्या पलीकडं होतं. मी देवरावजींच्या मागच्या खोलीत राहत असे.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती आणि मला मास्तर होऊन दोन महिने. नेरहून एक वळकटी, एक कंदील आणि स्वतःविषयी बराच मोठा गैरसमज घेऊन मी कळंबच्या शाळेत दाखल झालो. खोली छान होती, उजेडाची होती. तिच्यापर्यंत जायला ओसरीवरूनच वाट होती आणि ओसरीवर फळी होती, हे मात्र मला वळकटी उलगडल्यावर कळलं. भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखं आडवं आडवं सरकत जावं लागे. त्यातही फळीच्या मध्यावर आलो की चष्म्यावरून नजर वर यायची. "आलेच आहा तर एक बसवा, मास्तर."

शाळेत माझ्याकडं शुद्धलेखनाचा तास होता. डाव्या हातानं लिहिणाऱ्या पोराच्या बोटावर पट्टी मारायची, असा त्या काळचा नियम. मी तो फार निष्ठेनं पाळत असे. म्हणजे दिवसभर मी पोरांना डावा हात वापरू देत नसे आणि संध्याकाळी मला कोणी उजवा वापरू देत नसे. महिन्याभरानंतर फळ्यावर लिहिताना खडू आपोआप डाव्या हातात गेला, तेव्हा अख्ख्या वर्गानं पट्टीकडं पाहिलं.

देवरावजी उंच, सडसडीत, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखे. नोकरीतली खाकी हाफपँट निवृत्तीनंतरही अंगावर, कानामागं पेन्सिल, आणि चष्म्याला सुतळी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती मुलगी पुसदकडं दिली होती. त्यांचं सगळं आयुष्य जमीन मोजण्यात गेलं. उन्हातान्हात साखळी टाकायची, शेताची लांबीरुंदी घ्यायची आणि नकाशात उतरवायची. त्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट त्यांना वावर आणि धुरा, म्हणजे शेत आणि बांध, ह्याच भाषेत कळे. जोडणीच्या कडेच्या तुकड्यांना ते धुरा म्हणत. मी आपला हाती येईल तो तुकडा मध्येच कुठंतरी दामटायला लागलो की म्हणत, "आधी धुरा लावा, मास्तर. धुऱ्याबिगर वावर कोणाचं म्हणावं?" तुकडा बसत नसला आणि मी अंगठ्यानं जोर केला, की म्हणत, "जबरदस्ती नाही. हे अतिक्रमण होते."

हे वेड त्यांना लागलं ते इंग्रजाच्या राज्यात. कुठल्याशा साहेबाच्या तंबूत नकाशे पोचवायला गेले असता मड्डम दुपारची तुकडे जुळवत बसलेली दिसली. देवरावजींनी उभ्या उभ्या एक तुकडा दाखवला, तो बरोबर बसला. मड्डम खूष झाली आणि साहेब नाराज झाला, असं ते सांगत. मग त्यांनी स्वतःच सुरू केलं. चहाच्या पेटीचं प्लायवुड, पिठाची खळ, कॅलेंडरचं चित्र आणि केसासारख्या पात्याची एक धनुष्यासारखी करवत. देवादिकांच्या कॅलेंडरला मात्र हात लावत नसत. देवाला करवत लावायची नाही, हा नियम. त्यामुळं त्यांच्याकडं सगळं आगबोटी, धबधबे आणि बर्फाचे डोंगर. कळंबच्या उन्हाळ्यात घाम पुसत पुसत मी जितका बर्फ जोडला आहे तितका हिमालयातही नसेल.

एक जोडणी भिंतीला टांगलेली होती, आपल्या प्रांताच्या नकाशाची. ती त्यांनी मोठ्या हौसेनं केली तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. मग छप्पन साली आपल्याला उचलून मुंबई राज्यात ठेवलं. देवरावजींनी पुन्हा करवत काढली. चार वर्षांत गुजरात वेगळा झाला. पुन्हा करवत. आपले विदर्भाचे आठ जिल्हे मात्र एकच तुकडा, दर वेळी तोच उचलून नव्या जागी बसवलेला. "सरकारले म्हणावं, एकदाच ठरवून घ्या काय ते," ते म्हणायचे. "प्लाय काही झाडाले लागत नाही."

हे सगळं मी सहन केलं असतं. पण ते नुसतं जोडायला लावून थांबत नसत, वर तपासणी करत. माझ्या समोर बसून, खिशातलं घड्याळ तळहातावर धरून विचारत. तुकडा बोटात नीट येतो का? निसटतो का? उचलताना मनगट भरून येतं का? प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर त्यांनी लाकडाची एक बारीक घुंडी बसवायचा प्रयोग केला, मग तो रद्द केला, मग घुंडी वरच्या बाजूनं आली. मी लवकर जोडलं तर नाराज. "इतकं सोपं नाही पाह्यजे." उशीर लावला तरी नाराज. "इतकंही अवघड नाही पाह्यजे. जीव कंटाळून जाते माणसाचा." कोणत्या माणसाचा, ते कधी सांगत नसत. मला वाटे, माझाच. आणि तो खरोखर कंटाळत होता.

रविवार हा एकच सुटकेचा दिवस. सकाळी सातच्या मोटारीनं देवरावजी तयार झालेली जोडणी कापडी पिशवीत घालून कुठंतरी जात आणि दिवेलागणीला परत येत. कुठं जाता विचारलं तर, "मोजणीले." निवृत्त माणूस कसली मोजणी करतो, ह्यावर गल्लीत बरेच तर्क होते. त्यातले दोन-तीन इथं लिहिण्यासारखे नाहीत.

पण जोडणी पूर्ण नसेल तर ते जात नसत. एकदा शेजारच्या शेवंताबाईंच्या शेळीनं धबधब्याचा एक तुकडा खाल्ला. शनिवारी रात्री दुसरा कापायला घेतला तर पातं तुटलं. त्या रविवारी देवरावजी टोपी घालून, पायात वहाणा अडकवून दिवसभर ओसरीवर बसून राहिले. कोणाला तुकडा बसवायला सांगितला नाही. मी भिंतीला पाठ लावून दोनदा गेलो-आलो, तरी हटकलं नाही. तो एवढा निवांत रविवार मला अजिबात आवडला नाही.

त्यानंतर उन्हाळ्यात त्यांनी ती मोठी जोडणी हाती घेतली. ह्या वेळी कॅलेंडर नव्हतं. त्यांनी स्वतः काढलेला नकाशा होता, एका तांड्याच्या शिवाराचा. प्रत्येक तुकडा म्हणजे एकेक वावर, धुऱ्यावरून कापलेलं. नाले निळे, पांदणवाट ठिपक्यांची, शेतं पिवळी. एकूण त्रेसष्ट तुकडे. चार आठवडे त्यांची करवत पहाटेपासून माझ्या उशाशी किरकिरत होती. ही येत्या रविवारी न्यायचीच, शब्द दिला आहे, असं ते रोज एकदा तरी म्हणत. शेवटचा तुकडा कापताना शेवटचं पातं तुटलं. नवी पाती नागपूरहून कोणाबरोबर तरी यायची होती, पंधरा दिवसांनी. "काही फिकीर नाही," ते म्हणाले. "काम झालं आपलं."

तपासणी अर्थातच माझ्यावर. कॅलेंडरात निदान बोट असते, आभाळ असतं. इथं सगळी शेतंच शेतं. डाव्या हातानं तीन संध्याकाळी मी ते शिवार जोडत होतो. बुधवारी संध्याकाळी तुकडे संपत आले तेव्हा माझ्या मनात एक क्षुद्र विचार आला. आजवर प्रत्येक जोडणीचा शेवटचा तुकडा देवरावजी स्वतः बसवत आणि वर माझ्याकडं असं बघत, की जणू मी आतापर्यंत नुसता सावलीला बसलो होतो. ह्या खेपेला शेवटचा तुकडा मी बसवणार. ते चहा बघायला आत गेले तेवढ्यात मी एक तुकडा उचलून शर्टाच्या खिशात टाकला.

पुढं काय झालं ते सांगताना आजही कान गरम होतात. ते चहा घेऊन आले तेवढ्यात शाळेचा शिपाई मला बोलवायला आला, दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर येणार म्हणून. मी तसाच पळालो. परत आलो ते इन्स्पेक्टरच्या धास्तीत. देवरावजींनीही फळी मोडून तुकडे पिशवीत भरून ठेवले होते. सकाळी मी अंगातला शर्ट नेहमीप्रमाणं कपडे धुणाऱ्या वरठ्याच्या गाठोड्यात टाकला आणि ठेवणीतला घालून शाळेत गेलो. इन्स्पेक्टर आलाच नाही.

शुक्रवारी सकाळी देवरावजींनी तुकडे मोजले. बासष्ट. पुन्हा मोजले. पुन्हा बासष्ट. मग ओसरी झाडली, डाळीचे डबे पालथे केले, माझी वळकटीही झटकली. नंतर त्यांची नजर शेवंताबाईंच्या शेळीवर गेली. तिचा पूर्वीचा गुन्हा सिद्ध होता. शेवंताबाई म्हणाल्या की माझी शेळी सुधारली आता. तरी शेळीला दिवसभर वेगळं बांधलं आणि देवरावजी चष्मा वर करून, काडीनं एकेक लेंडी फोडून बघू लागले.

नेमक्या त्याच वेळी माझा हात छातीवरच्या खिशाकडं गेला आणि खिसा दुसऱ्या शर्टाचा आहे हे माझ्या लक्षात आलं. प्रामाणिक माणसानं तिथंच सांगितलं असतं. मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो, दुसरी काडी घेतली आणि शोधायला मदत करू लागलो. अर्धा तास आम्ही दोघं शेळीच्या मागं बसून होतो. त्यातल्या एकाला ठाऊक होतं की त्यात काही सापडणार नाही.

मग कामाचं निमित्त काढून मी नदीवर धावलो. पुंजाराम वरठ्यानं मला लांबूनच पाहिलं आणि हसून धोतराच्या कनवटीतून तुकडा काढून दिला. शर्टाबरोबर तोही भट्टीत उकळला होता. नकाशाचा कागद साफ निघून गेला होता. खाली उरलेलं लाकूड पांढरं स्वच्छ, पाणी पिऊन जरा फुगलेलं. "लय मयला होता, मास्तर," तो म्हणाला. "रंग सुटून राह्यला होता त्याचा. घासून घासून काढला." त्याला मी शाबासकी द्यावी अशी त्याची अपेक्षा होती, आणि मी ती दिली.

अजूनही सांगता आलं असतं. त्याऐवजी मी शाळेच्या कपाटातली रंगपेटी आणली आणि शनिवारी दुपारी खोलीचं दार लावून बसलो. तुकड्याचा आकार नीट होता, मानेकडं निमुळत्या झालेल्या सुरईसारखा. पण त्यावर काय होतं? तीन संध्याकाळी मी त्या नकाशाशी झटापट केली होती, आणि त्यातलं एकही वावर मला आठवेना. मी फक्त आकाराशी भांडत बसलो होतो. शेवटी मनानंच काढलं. हिरवंगार शेत काढलं. कडेला आंब्याचं झाड काढलं. रिकामी जागा उरली म्हणून एक विहीर काढली, दगडी काठाची, रहाटासकट. बैलही काढणार होतो, पण त्याचं तोंड मावेना.

रंग वाळेपर्यंत ते चित्र मला फारच बरं वाटू लागलं. तरी शनिवार तसाच गेला. दार उघडून बाहेर जायचं आणि देवरावजींच्या हातावर तुकडा ठेवायचा एवढंच करायचं होतं. मी बारा वेळा उठलो आणि बारा वेळा बसलो.

रविवारी सकाळी बाहेर आलो तर देवरावजी ओसरीवर बसले होते. टोपी, वहाणा, शेजारी बांधलेली पिशवी. मोटारीला अजून वेळ होता, पण ते उठण्याच्या बेतात दिसत नव्हते. नजर रस्त्यावर. त्या धबधब्याच्या रविवारचंच तोंड.

मी तुकडा पुढं केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. खिसा, इन्स्पेक्टर, भट्टी, रंगपेटी, शेळीसुद्धा.

देवरावजींनी ओरडायला हवं होतं. त्यांनी तुकडा उजेडात धरला, नाकाजवळ नेला आणि बराच वेळ पाहिला.

"हे विहीर कोणी खोदली?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, मी.

"इथं नाला होता. तुमी नाला बुजवला, वर आंबा लावला." मग उठून त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "चला. ज्याचं वावर धुतलं त्याले तुमीच सांगा. मी नाही सांगत."

मोटारीत आम्ही मागच्या बाकावर धक्के खात बसलो. मी वाट बघत होतो ती एखाद्या मिशाळ मालगुजाराची. देवरावजींनी हळूहळू सांगितलं. आम्ही हरसिंगकडं चाललो होतो. हरसिंग तांड्यावरचा, खात्यात त्यांचा साखळीवाला. साखळीचं एक टोक देवरावजींकडं, दुसरं हरसिंगकडं, अशी दोघांनी बावीस वर्षं जिल्हा मोजला. दोन वर्षांपूर्वी हरसिंगला लकवा मारला.

"बावीस वर्षं आमच्यात साखळीभर अंतर," देवरावजी म्हणाले. "बोलणं म्हणजे वावरातून वरडणं. जवळ बसून कधी बोललोच नाही. आता जाऊन जवळ बसतो, तर त्याची वाचा गेली."

मग खिडकीबाहेर बघत त्यांनी आणखी एक सांगितलं. मी धुतलेला तुकडा हरसिंगच्या स्वतःच्या वावराचा होता. ह्या वावरात त्यानं दोनदा विहीर खोदली आणि दोन्ही वेळा काळा दगड लागला. पाण्याचा थेंब नाही. मी माझ्या दोन्ही हातांकडं बघितलं आणि ते कुठं लपवता येतील ह्याचा विचार करू लागलो. तुकड्यावरची विहीर खरवडून टाकू का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली. मोटार हलते, म्हणाले, अजून बिघडवाल. "अख्ख्या नोकरीत एक रेघ खोटी ओढली नाही म्या. जे जमिनीवर नाही ते कागदावर नाही. आता पाहा."

मोटारीतून उतरून दोन मैल चाललो. तांड्याच्या तोंडाशी कडुनिंबाखाली बाजेवर एक दणकट, पांढऱ्या केसांचा माणूस टेकून बसला होता. तोंड एका बाजूला किंचित उतरलेलं. उजवा हात मांडीवर, कुणी दुसऱ्यानं तिथं विसरून ठेवल्यासारखा. देवरावजींना पाहताच त्याचा डावा हात उठला.

गल्लीतले ते सगळे डावे हात, ती घुंडी, ते घड्याळ, एका क्षणात माझ्या समोर येऊन उभे राहिले.  

"बेसो, साहेब," हरसिंगची बायको सोनीबाई म्हणाली आणि घोंगडी टाकली. मागं तुम्ही चुकले त्या रविवारी यांनी जेवण नाही केलं, असंही तिनं सांगितलं, तक्रार म्हणून नाही, नुसती बातमी म्हणून. देवरावजींनी ते ऐकून पिशवीची गाठ सोडायला बराच वेळ लावला.

सोनीबाईनं घरातली एक फळी आणून बाजेवर ठेवली. मी माझं पाठ केलेलं वाक्य म्हणालो, की हरसिंगभाऊ, माझ्या हातून तुमचं वावर धुतलं गेलं. हरसिंगनं माझ्याकडं बघितलं, फळीकडं बघितलं आणि तुकड्यांच्या ढिगात हात घातला.

ज्याला मी तीन संध्याकाळी घेतल्या होत्या ते शिवार त्यानं दुपार कलायच्या आत लावलं. धुरा आधी नाही आणि काही नाही. तो एकेक तुकडा उचलायचा, डोळे बारीक करायचा, आणि पायानं चालून गेलेला माणूस जसा जातो तसा थेट त्या जागी जायचा. तुकडा बसला की बोटानं फळीवर दोनदा ठोकायचा. घरी अख्ख्या गल्लीला हुकूम सोडणारे देवरावजी इथं जमिनीवर मांडी घालून बसले होते, आणि दर वेळी एकच शब्द बोलत होते, "लिहिलं."

सोनीबाईनं मला हळूच समजावलं. नोकरीत साखळी ताणली की हरसिंग तिकडून हाक द्यायचा, आणि साहेब इकडून "लिहिलं" म्हणाले की मगच पाऊल पुढं टाकायचा. साहेबांच्या शब्दाशिवाय पुढं जायचं नाही.

शेवटी एक सुरईच्या आकाराची जागा उरली. देवरावजींनी रंगवलेला तुकडा पुढं केला, माझ्याकडं न बघता.

हरसिंगनं तो उचलला. बघितला. जवळ नेऊन बघितला. मी कडुनिंबाच्या फांद्या मोजत होतो. सोनीबाई वाकली, तिनं हिरवं शेत पाहिलं, आंबा पाहिला, दगडी काठाची विहीर पाहिली, आणि मग नवऱ्याला म्हणाली, "लागलं म्हणा पाणी, आखरीले."

हरसिंगच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं त्याला काही होतंय, मी अर्धा उठलो. तो हसत होता. तोंडाची एकच बाजू हसत होती, आणि दुसरी तिच्याकडं बघत असल्यासारखी होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. सोनीबाईनं तोंडाला पदर लावला. बऱ्याच महिन्यांनी हसला, असं ती नंतर म्हणाली.

मग त्यानं तुकडा जागेवर ठेवला. भट्टीनं फुगलेला, तो बसेना. देवरावजींचा हात पुढं झाला आणि अर्ध्यावर थांबून मागं गेला. हरसिंगनं तळहाताची कड टेकवली, खांदा वाकवला आणि सगळा भार दिला. तुकडा बसला. त्यानं बोटानं फळीवर दोनदा ठोकलं आणि साहेबांकडं बघितलं.

 देवरावजींनी चष्मा काढला, हाफपँटला पुसला, पुन्हा घातला. हरसिंगचा हात फळीवरच होता. वाट बघत होता. त्यानं पुन्हा दोनदा ठोकलं.

"लिहिलं," देवरावजी म्हणाले. मग घसा साफ करून, नोंदवहीत मजकूर सांगावा तसं सावकाश म्हणाले, "विहीर एक. पाणी बारमाही."